‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ऐकायचंय? इंग्लिस, सर्किस की बीबीसीची श्रुतिका

टोल्कीनची ही कादंबरी इंग्रजीतून ऐकायची ठरवली की निवड मुख्यतः तिघांत होते. पहिलं रॉब इंग्लिसचं 1990 मधलं संपूर्ण वाचन, दुसरं अँडी सर्किसचं 2021 मधलं संपूर्ण वाचन आणि तिसरी बीबीसी रेडिओ 4 ची 1981 मधली श्रुतिका. तिन्ही चांगल्या आहेत. पण पन्नास-साठ तास एकाच आवाजासोबत काढायचे असतील, तर ‘सगळंच छान’ म्हणून काम भागत नाही. चुकीचा आवाज निवडला की माणूस पहिल्या खंडातल्या मोरियाच्या खाणीपर्यंत पोचायच्या आतच ऐकणं सोडतो, आणि वर वाटतं की पुस्तकच कंटाळवाणं आहे.

आधी वेळेचा हिशेब बघू. इंग्लिसचे तिन्ही खंड मिळून साधारण 54 तासांचे, सर्किसचे साधारण 65 तासांचे, तर बीबीसीची श्रुतिका 13 तासांची. कामावर जाता-येता रोज दीड तास ऐकणाऱ्याला, आठवड्याचे पाच दिवस धरले तर, सर्किसला जवळपास नऊ आठवडे लागतात. इंग्लिस सात-साडेसात आठवड्यांत संपतो आणि श्रुतिका दोन आठवड्यांच्या आत. कादंबरीत एकूण 62 प्रकरणं आहेत. म्हणजे सर्किसचं एक प्रकरण सरासरी तासाभराचं आणि इंग्लिसचं 52 मिनिटांचं पडतं. रोज एक प्रकरण ऐकायचा नेम धरला तर दोन महिने. हा नेम चांगला, कारण टोल्कीनचं प्रकरण बहुतेक वेळा नीट जागी थांबतं. मध्येच तोडलं तर दुसऱ्या दिवशी कोण कुठे निघालं होतं ते आठवत नाही.

या दोन वाचनांत अकरा तासांचा फरक कशाने पडला? मजकूर तोच आहे, कापाकापी कुठेच नाही. फरक बोलण्याच्या चालीचा. सर्किस प्रसंग खेळवतो, थांबे घेतो, पात्रांना श्वास घेऊ देतो. गंमत म्हणजे टोल्कीनच्या आधीच्या, छोट्या ‘हॉबिट’ कादंबरीत हेच उलटं झालंय. तिथे इंग्लिस 11 तास घेतो आणि सर्किस साडेदहाच्या आसपास. त्यामुळे ‘हॉबिट’ ऐकून सर्किसचा वेग ठरवू नका, मोठ्या कादंबरीत तो बराच संथ आहे. ॲपमध्ये त्याचा वेग 1.2 पट केला की 65 तासांचे बरोबर 54 होतात, म्हणजे तो इंग्लिसच्या वेळेत येतो. गद्य भागात हे खपतं. गाण्यांत मात्र खपत नाही, ताल पळायला लागतो. गाणं सुरू झालं की वेग परत 1 वर आणावा.

गाण्यांचा मुद्दा इथे फार महत्त्वाचा आहे. या कादंबरीत साठाहून अधिक कविता आणि गाणी आहेत. छापील पुस्तक वाचताना पुष्कळजण ती डोळ्यांआड करून पुढे जातात. ऐकताना तशी सोय नाही. इंग्लिस ती गातो. चाली त्याने स्वतः आणि हे वाचन काढणाऱ्या रेकॉर्डेड बुक्स कंपनीच्या स्टुडिओ दिग्दर्शक क्लॉडिया हॉवर्ड यांनी मिळून बांधल्या. या माणसाने टोल्कीनच्या कथांचे एकपात्री प्रयोग आधी रंगमंचावर केले होते, आणि ते जाणवतं. आपल्याकडचा कीर्तनकार आख्यान लावतो, मध्ये पद गातो, आणि पुन्हा त्याच सुरात कथेवर येतो, तसंच काहीसं. गाणं संपलं की कथा कुठे अडखळत नाही. आवाज गवयाचा नाही, जुन्या घरात चुलीपुढे बसून गाणाऱ्या म्हाताऱ्याचा आहे, आणि हॉबिटांच्या, म्हणजे कथेतल्या बुटक्या, घरकोंबड्या लोकांच्या गाण्यांना तोच शोभतो. एल्फ या अमर जमातीच्या उंच, करुण गाण्यांत तो थोडा कमी पडतो, हे मान्य करायला हवं.

सर्किसही गातो, आणि जास्त नाट्यमय गातो. त्याची खरी ताकद मात्र संवादांत आहे. पीटर जॅक्सनच्या चित्रपटांत अंगठीच्या हव्यासाने बिघडलेला गॉलम त्यानेच केला होता, त्यामुळे गॉलम बोलू लागला की दुसरं कोणी डोळ्यांसमोर येतच नाही. बाकी पात्रांनाही तो वेगवेगळे हेल देतो. त्याच्या गँडाल्फमध्ये, म्हणजे कथेतल्या जादूगारात, चित्रपटातल्या गँडाल्फची छाया आहे. चित्रपट पाहिलेल्याला हे ओळखीचं वाटतं आणि कोण बोलतंय हे पटकन कळतं. इंग्रजी ही दुसरी-तिसरी भाषा असलेल्या ऐकणाऱ्याला याचा मोठा फायदा होतो. ‘तो म्हणाला’ हे शब्द निसटले तरी आवाजावरून माणूस सापडतो. तोटाही यातूनच येतो. चित्रपट न पाहता पुस्तकातून स्वतःची माणसं घडवायची असतील, तर सर्किस ती जागा आधीच भरून टाकतो.

तिघांचा कस एकाच प्रसंगावर लावून बघावा. दुसऱ्या खंडात अंगठी घेऊन निघालेला फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम गॉलमला वाटाड्या करून मृत दलदल ओलांडतात. पुढच्या मुक्कामात सॅमला जाग येते आणि गॉलम स्वतःशीच वाद घालताना दिसतो. एक आवाज वचन आठवतो, दुसरा अंगठीकडे ओढतो. डोळ्यांतला फिकट आणि हिरवा उजेड आळीपाळीने बदलतो, लांब बोटं झोपलेल्या फ्रोडोकडे सरकतात आणि मागे येतात. सर्किस इथे अक्षरशः दोन माणसं उभी करतो. स्मेगॉल हे गॉलमचं मूळ नाव; त्या बाजूचा आवाज पातळ आणि लाचार, गॉलमचा घशातून खरवडून आलेला. निवेदन मध्ये आलं की दोन्ही सोडून तो शांत होतो. इंग्लिस इतका टोकाला जात नाही. त्याच्याकडे दोन आवाजांतलं अंतर कमी आहे, पण निवेदन आणि वाद एकाच धाग्यात राहतात, त्यामुळे झोपेचं सोंग घेऊन पडून राहिलेल्या सॅमची भीती जास्त लागते. बीबीसीत गॉलम केलाय पीटर वुडथॉर्पने. त्याने 1978 च्या राल्फ बाक्शीच्या ॲनिमेशनपटातही गॉलमला आवाज दिला होता. श्रुतिकेत निवेदनाला जागा कमी, म्हणून डोळ्यांतल्या उजेडाचं कामही आवाजालाच करावं लागतं, आणि वुडथॉर्प ते ओल्या, घोगऱ्या कण्हण्यातून करून दाखवतो. हा एकच प्रसंग तिघांचा ऐकला तर निवड निम्मी झालीच समजा.

उरलेली निम्मी ‘कौन्सिल ऑफ एलरॉंड’ या प्रकरणावर करावी. हे कादंबरीतलं सगळ्यात लांब प्रकरण, संपूर्ण वाचनात दीड ते दोन तासांचं. डझनभर माणसं एका ठिकाणी बसून बोलतात, आणि बोलण्याच्या आत बोलणं असतं. गँडाल्फ दुसरा जादूगार सारुमान काय म्हणाला ते सांगतो, मग सरायवाला बटरबर काय म्हणाला ते. पुस्तकात अवतरणचिन्हं दिसतात, कानाला ती दिसत नाहीत. हा गुंता सोडवण्यात इंग्लिस माझ्या मते सरस आहे. तो आवाज कमी बदलतो, म्हणूनच ‘हे गँडाल्फच सांगतोय’ हे भान सुटत नाही. जिथे तुमचं लक्ष भरकटतं तिथे वेग वाढवू नका, उलट 0.9 वर आणा. या प्रकरणात कळलं नाही ते पुढे तीस तास खटकत राहतं.

नावांचा त्रास तिघांतही होतो. सॉरॉन आणि सारुमान, थिओडन आणि थिओड्रेड, एओमर, एओविन आणि एओमुंड, सगळे एकामागून एक येतात. ऐकताना यांची गल्लत व्हायचीच. छापील पुस्तकातला नकाशा आणि पात्रांची नावं फोनवर फोटो काढून ठेवली की पुष्कळ सोपं जातं. ‘स्वामी मुद्रिकांचा’ हा मुग्धा कर्णिक यांनी केलेला मराठी अनुवाद घरात असेल तर त्याहून चांगलं. अवघड प्रकरण आधी मराठीत वाचून मग ऐकलं तर इंग्रजीची लय मोकळेपणाने कानावर येते.

आता श्रुतिका. ब्रायन सिब्ली आणि मायकेल बेकवेल यांनी केलेलं हे रूपांतर 8 मार्च 1981 पासून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या 26 भागांत प्रसारित झालं, नंतर तासाच्या 13 भागांत बांधलं गेलं. फ्रोडो इयन होल्म, गँडाल्फ मायकेल हॉर्डर्न, ॲरागॉर्न रॉबर्ट स्टीफन्स, सॅम बिल नाय, संगीत स्टीफन ऑलिव्हरचं. हाच इयन होल्म पुढे चित्रपटांत ‘हॉबिट’चा नायक बिल्बो झाला. आकाशवाणीवरच्या श्रुतिका ऐकत वाढलेल्या पिढीला ही रचना लगेच आपलीशी वाटेल. घोड्यांच्या टापा, दाराची करकर, आणि गरज असेल तेवढंच निवेदन.

13 तासांत बसवायचं म्हणजे काहीतरी जाणारच. पहिल्या खंडात हॉबिटांना वाटेत भेटणारा गूढ टॉम बॉम्बाडिल पूर्ण गेला, त्याच्यासोबत जुनं अरण्यही. चित्रपटांतही तो नाही, त्यामुळे त्याच्यासाठी संपूर्ण वाचनच लागतं. पण शेवटी हॉबिट घरी परततात तेव्हा त्यांच्या शायर या मुलखाची झालेली दशा, जी चित्रपटांनी गाळली, ती श्रुतिकेत आहे. आणि एक गोष्ट वाढलीही आहे: सारुमानचा हस्तक वर्मटंग सॉरॉनच्या काळ्या स्वारांच्या हाती लागतो तो प्रसंग टोल्कीनच्या ‘अनफिनिश्ड टेल्स’ या 1980 च्या संग्रहातून घेतलाय.

श्रुतिकेची सगळ्यात मोठी सोय वेगळीच आहे. दुसऱ्या खंडाच्या पहिल्या अर्ध्या भागात टोल्कीन फ्रोडो-सॅमला पूर्ण सोडून देतो. अकरा प्रकरणं, म्हणजे इंग्लिसच्या वाचनात साधारण नऊ तास, त्यांचा पत्ता नसतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, आपण झोपेत एखादा भाग गाळला, आणि तो मागे जाऊन शोधत बसतो. गाळलेलं काही नसतं, पुस्तकच तसं आहे. श्रुतिकेत दोन्ही वाटा कालक्रमाने एकमेकींत गुंफल्या आहेत, त्यामुळे कथेचा ताण सुटत नाही. 2002 च्या संचात होल्मने फ्रोडोच्या आवाजात वाचलेलं नवं प्रास्ताविक आणि समारोपही आहे. श्रुतिकेचा वेग मात्र अजिबात बदलू नये. संगीत आणि एकमेकांवर चढणारे संवाद वेगात चिरडले जातात.

ऐकायची जागा कोणती, यावरही निवड फिरते. सर्किस कुजबुजतो तेव्हा अगदी हळू बोलतो आणि लढाईत ओरडतो. लोकलच्या डब्यात कुजबुज ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवला की पुढच्या मिनिटाला कानठळ्या बसतात. यावर उपाय म्हणजे कानात घट्ट बसणारे रबरी बोंडांचे इअरफोन. बाहेरचा गोंगाट कमी झाला की आवाज मध्यमवर ठेवून दोन्ही ऐकू येतात. घाटात गाडी चालवताना, भांडी घासताना किंवा स्वयंपाक करताना इंग्लिस बरा, त्याच्या आवाजाची पातळी फारशी खालीवर होत नाही. रात्री झोपताना ऐकायचं असेल तरीही इंग्लिसच. टायमर मिनिटांवर न लावता ‘प्रकरण संपेपर्यंत’ असा लावावा, म्हणजे सकाळी जागा शोधावी लागत नाही. श्रुतिका शांत खोलीत, हेडफोनवर ऐकावी. तिच्यातले बारीक आवाज रस्त्यावर वाया जातात.

फोनमध्ये जागा किती लागते? 64 केबीपीएस या ध्वनिदर्जाला तासाला साधारण 29 एमबी, म्हणजे सर्किस जवळपास 1.9 जीबी आणि इंग्लिस दीड जीबीच्या थोडा वर. उच्च दर्जा निवडला तर दुप्पट. एकेक खंडच उतरवून घ्यावा आणि संपला की काढून टाकावा.

विकत घेण्याआधी फुकटचा नमुना ऐकाल, तेव्हा एक काळजी घ्या. नमुना बहुधा सुरुवातीचा असतो, आणि पहिल्या खंडाची सुरुवात हॉबिटांच्या चालीरीती आणि त्यांच्या तंबाखूवरच्या प्रस्तावनेने होते. त्यावरून कोणाचाच नीट अंदाज येत नाही. नमुना दुसऱ्या किंवा तिसऱ्या खंडाचा ऐका. विकत घेतल्यावरही प्रस्तावना ओलांडून थेट बिल्बोच्या वाढदिवसापासून सुरू करा. ‘हॉबिट’ न वाचलेल्याला ती गॉलम आणि अंगठीची गोष्ट आधीच सांगून टाकते.

तर कोणी काय घ्यावं? चित्रपट पाहिलेत, पुस्तक नाही, आणि लांब इंग्रजी वाक्यांची थोडी धास्ती आहे: सर्किस. त्याचं ‘हॉबिट’ 2020 चं आणि टोल्कीनच्याच ‘सिल्मॅरिलियन’चं वाचन 2023 चं आहे, त्यामुळे पुढेमागे त्याच आवाजात चालत राहता येतं. पुस्तक दोन-तीनदा हातात घेऊन सोडलंय: आधी श्रुतिका, मग इंग्लिस. चित्रपट पाहिलेलेच नाहीत, किंवा पाहिलेत पण टोल्कीनची भाषा ऐकायचीय: इंग्लिस. एकच घ्यायचं असेल तर मी इंग्लिसच सांगेन, कारण तो लेखकाच्या पुढे येत नाही. पुस्तक पाठ झालेल्या जुन्या वाचकाला श्रुतिकेतला बिल नायचा सॅम हवाच.

आणि टोल्कीनचा स्वतःचा आवाजही उपलब्ध आहे. 1952 मध्ये एका मित्राच्या घरी टेपरेकॉर्डरवर त्यांनी बिल्बो आणि गॉलमचा कोड्यांचा प्रसंग वाचला आणि सॅमचं ट्रोलचं गाणं एका जुन्या इंग्रजी लोकगीताच्या चालीवर गायलं. 1975 मध्ये ते ध्वनिमुद्रण बाजारात आलं. तिघांपैकी कोणालाही निवडायच्या आधी ते एकदा ऐका. गॉलमच्या घशातला तो ‘गॉलम’ आवाज त्यांनी कसा काढलाय, ते ऐकलं की वुडथॉर्प आणि सर्किस कशाच्या मागे होते ते लगेच कळतं.