बारा आण्यांचं गिरमिट: कायदा होता, तरी माणसं फसली कशी

ब्रिटिश काळात फिजीच्या ऊसमळ्यांवर मजूर पाठवताना भरतीवाला जो छापील करार (अ‍ॅग्रीमेंट, मजुरांच्या तोंडी 'गिरमिट') दाखवायचा, तो कागद वाचला तर पहिल्यांदा त्यात खोट सापडत नाही. मुदत वसाहतीत पोचल्यापासून पाच वर्षं. काम सोमवार ते शुक्रवार रोज नऊ तास, शनिवारी पाच तास, रविवारी सुट्टी. पंधरा वर्षांवरच्या पुरुषाला दिवसाला किमान एक शिलिंग म्हणजे बारा आणे, बाईला नऊ पेनी म्हणजे नऊ आणे. राहायला जागा फुकट, दवाखाना फुकट. पाच वर्षांखालच्या मुलाला पहिलं वर्षभर रोज नऊ छटाक दूध, तेही फुकट. उत्तर हिंदुस्थानातल्या ज्या गावांत दिवसाची मजुरी दोन-तीन आण्यांच्या घरात होती, तिथे हा कागद वाचून दाखवला की माणूस बोटांवर हिशेब करायचा: बारा आणे गुणिले सव्वीस दिवस, म्हणजे महिन्याला साडेएकोणीस रुपये.

हिशेब बरोबर, पण ज्याच्यावर मांडला ते कलम चुकीचं. दिवसाला बारा आणे होते ते वेळेच्या कामाला. मळ्यात काम मिळायचं अंगावर, म्हणजे नेमून दिलेल्या तुकड्यावर, आणि तिथे बारा आणे होते ते एका पुऱ्या कामाला. धडधाकट माणूस सहा तास न थांबता राबून जेवढं करील तेवढं एक काम, अशी त्याची व्याख्या. 'धडधाकट' कोण आणि 'सहा तासांत' किती, हे ठरवणार मळ्याचा ओव्हरसियर. तो सगळ्यात दांडग्या गड्याकडून एक सरी खणून घ्यायचा आणि तेच माप सगळ्यांना लावायचा. काम पुरं झालं नाही तर त्या दिवसाचे बारा आणे मिळत नसत.

आता त्याच कागदातलं शिध्याचं कलम घ्या. सुरुवातीच्या काळात शिधा मळेवाला देणार आणि त्याचे रोजचे चार आणे पगारातून कापणार. आठवड्याचे साडेपाच दिवस पूर्ण भरले तर पुरुषाचे ६६ आणे. शिध्याचे सात दिवसांचे २८ वजा, उरले ३८. पण ज्याने आयुष्यात ऊस तोडलेला नाही, बोटीवरून नुकताच उतरलाय, त्याची पहिल्या महिन्यांत आठवड्याला तीनच कामं पुरी होत असतील तर ३६ आण्यांतून २८ गेले, हातात आठ आणे. बाईची तीन कामं म्हणजे २७ आणे आणि शिधा २८ आण्यांचा. आठवडाभर राबून ती एक आणा देणं लागते. कागदावर खोटं काहीच नाही, फक्त ही वजाबाकी कोणी करून दाखवली नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट त्या कागदावर नव्हतीच. काम चुकवणं, काम अपुरं ठेवणं, परवानगीवाचून मळ्याबाहेर जाणं हे वसाहतीच्या कायद्यात फौजदारी गुन्हे होते. आपल्याकडे नोकर काम सोडून गेला तर मालक फार तर पगार बुडवतो. तिथे मजूर दंड भरायचा नाही तर तुरुंगात जायचा, आणि गैरहजेरीचे नि तुरुंगातले दिवस गिरमिटाच्या पाठीला जोडले जायचे. मॉरिशसमध्ये 'डबल कट' होता: एक दिवस गैरहजर, तर दोन दिवसांची मजुरी कापायची. बीड किंवा अहिल्यानगरच्या ऊसतोड कामगारांना उचल, मुकादम आणि खाडा हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. तिथली भाषा वेगळी होती, ऊस आणि खाडा हेच होते.

नियम नव्हते म्हणून हे झालं, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. गुलामगिरी बंद करणारा कायदा १ ऑगस्ट १८३४ पासून लागू झाला आणि त्याच वर्षी २ नोव्हेंबरला 'अ‍ॅटलस' जहाज ३६ मजूर घेऊन मॉरिशसच्या पोर्ट लुईला लागलं. पहिला बंधनकारक कायदा १८३७ चा. जाणाऱ्याने दलालासह अधिकाऱ्यासमोर उभं राहायचं, अटी लेखी हव्यात, करार पाच वर्षांपेक्षा जास्त नको, मुदत संपल्यावर परत आणून सोडायचं, जहाजावर जागा, अन्न आणि वैद्य हवा. लवकरच ही चौकट मुंबई आणि मद्रास बंदरांनाही लागू झाली. मॉरिशसचा आजचा मराठी समाज मुख्यतः कोकणातून मुंबई बंदरामार्गे गेलेल्या मजुरांचाच वंश.

एवढं असून लगेच काय झालं? त्या काळी मॉरिशसच्या मजुराला महिना पाच रुपये ठरत आणि सहा महिन्यांची उचल बंदरावरच मिळे. ही उचल कागदावर मजुराच्या हातात पडायची. प्रत्यक्षात कपडे, खाणं, दलाली अशा नावांनी दफादार (मजूर जमवणारा दलाल) ती बोटीवर चढण्याआधीच गिळायचा. अर्धं वर्ष मजूर फुकट राबणार हे किनारा सोडतानाच ठरलेलं असे. ओरड झाली, १८३९ मध्ये मजूर पाठवण्यावरच बंदी आली. कलकत्त्याला थिओडोर डिकन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली आणि माणसं थापा मारून, कधी पळवून नेली जातात असा निष्कर्ष बहुमताने आला. तरी १८४२ मध्ये मॉरिशसची आणि १८४४ मध्ये वेस्ट इंडीजची वाट पुन्हा उघडली. पुढे १८६४, १८७१, १८८३ आणि १९०८ मध्ये कायदे नव्याने झाले. प्रत्येक वेळी मागच्या घोटाळ्याचं भोक बुजवलं गेलं आणि दलालांनी शेजारी नवीन पाडलं.

१८८३ च्या कायद्यानंतरची पद्धत पायरीपायरीने बघितली की भोकं कुठे होती ते दिसतं. वसाहतीचा भरती एजंट कलकत्त्यात बसे, त्याचा पगार वसाहत देई. त्याच्या हाताखाली परवानाधारक भरतीवाले. परवाना सरकारी संरक्षक (प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स) देणार, त्यावर जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटची सही, मुदत एक वर्ष. पण गावोगाव, यात्रांमध्ये, स्टेशनांवर फिरणारा माणूस हा परवानेवाला नसायचाच. तो असायचा अरकाटी: ना परवाना, ना नोंद. तो माणूस हेरून परवानेवाल्याच्या हवाली करायचा आणि डोईमागे पैसे घ्यायचा. बाईमागे जास्त, कारण शंभर पुरुषांमागे चाळीस बायका पाठवण्याचा दंडक होता आणि बायका सहज मिळत नसत. बायकांची संख्या वाढावी म्हणून केलेल्या नियमाने तीर्थक्षेत्री एकट्या सापडलेल्या विधवेची किंमत वाढवून ठेवली.

अरकाटी देशाचं नाव कधी नीट सांगत नसे. डेमेराराचं (आजच्या गयानातलं) डमरा, त्रिनिदादचं चिनीदाद. साखर चाळायचं काम आहे, कलकत्त्याच्या थोडं पुढे आहे, असं सांगितलं की मनात चित्र तयार होई.

मग मॅजिस्ट्रेटपुढे नोंदणी. हाच खरा बचावाचा टप्पा होता: माणसाला अटी कळल्यात का, तो राजीखुशीने जातोय का, हे विचारायचं. व्यवहारात रांगच्या रांग उभी असे आणि भरतीवाल्याने आधीच पढवलेलं असे की साहेब काय विचारील ते विचारील, 'हो' म्हणायचं, नाही म्हणालास तर अडकशील. दुसरी युक्ती याहून साधी. माणसाची नोंदणी त्याच्या जिल्ह्यात करायचीच नाही. शेजारच्या किंवा लांबच्या जिल्ह्यात केली की घरचे शोधत आले तरी ज्या कचेरीत जातील तिथे त्याचं नावच नाही. फार मोठ्या संख्येने मजुरांची नोंद मूळ जिल्ह्याबाहेर झालेली आढळते, ती उगाच नव्हे. जातही बदलून लिहिली जाई. ब्राह्मण शेतात राबणार नाही म्हणून मळेवाल्यांना नको असे, मग डिपोत (जहाज सुटेपर्यंत मजुरांना ठेवायच्या जागेत) त्याची दुसरीच जात व्हायची. गिरमिटियांच्या पासांवरून पूर्वज शोधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: उंची आणि अंगावरची खूण बहुधा खरी, जात, वय आणि नाव पडताळून घ्यावं.

डिपोत पोचल्यावर मागे फिरणं जवळजवळ अशक्य. प्रवासाचा, खाण्याचा खर्च झालाय, तो भर आणि जा, अशी धमकी. पाचशे मैलांवरचं गाव, खिशात काही नाही. अंगठा आधी उठलेला असो वा नसो, इथे माणूस मनाने सही करून मोकळा व्हायचा.

जहाजाचे नियम त्या मानाने जास्त पाळले गेले आणि त्याचं कारण लक्षात घेण्यासारखं आहे. प्रौढामागे ७२ घनफूट जागा, लहान मूल अर्धं धरायचं, पाणी-शिध्याचं माप, सर्जन सोबत. १८५० च्या दशकात कॅरिबियनला जाणाऱ्या जहाजांवर पटकी-हगवणीने माणसं भयंकर संख्येने मेली, पण सर्जनला जिवंत उतरलेल्या डोक्यामागे पैसे मिळत. माणूस जगण्यात सर्जनचा फायदा होता. माणसाला खरं सांगण्यात अरकाट्याचा तोटा होता. एकाच कायद्याची दोन कलमं, एक बऱ्यापैकी चाललं, दुसरं चाललं नाही. तरीही १८७९ मध्ये फिजीला पहिलं जहाज 'लिओनिडास' पोचलं ते पटकी आणि देवी घेऊनच.

परतीच्या भाड्याबद्दलही असंच. फिजीच्या कागदात लिहिलं होतं की पाच वर्षांनी परत जाता येईल. स्वतःच्या खर्चाने. फुकट परतायचं तर दहा वर्षं राहायचं, आणि ती भरल्यापासून दोन वर्षांच्या आत हक्क मागायचा, नाहीतर गेला. ऐकणाऱ्याच्या डोक्यात 'पाच वर्षं आणि घर' एवढंच राही. मॉरिशसने तर परतीचं भाडं १८५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच काढून टाकलं. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीने याहून कडी केली: १८९५ च्या कायद्याने गिरमिट संपल्यावर जो परतही जात नाही नि पुन्हा गिरमिटही करत नाही, त्याच्यावर वर्षाला तीन पौंड कर. हा कर पुढे मोठ्या झालेल्या मुलामुलींवरही बसवला. तो १९१४ मध्ये गेला.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी बोट ठेवलं ते नेमकं कागदावर नसलेल्या गोष्टीवर. त्यांच्या ठरावानंतर नाताळला मजूर पाठवणं १ जुलै १९११ पासून बंद झालं. ४ मार्च १९१२ ला त्यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात ही पद्धतच रद्द करण्याचा ठराव मांडला. फौजदारी शिक्षेची गोष्ट मजुरापासून लपवली जाते, हा त्यांच्या मांडणीतला एक मोठा मुद्दा होता. ठराव २२ विरुद्ध ३३ मतांनी पडला. भरती थांबली १९१७ मध्ये, फिजीतली उरलेली गिरमिटं सुटली १ जानेवारी १९२० ला.

परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी आज लागू आहे तो १९८३ चा कायदा, आणि त्यातल्या अधिकाऱ्याचं इंग्रजी पदनाम जुनंच आहे: 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'. त्याचं एक कार्यालय मुंबईत आहे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर सौदी, कतार, ओमान, मलेशियासारख्या १८ देशांत कामाला जाण्याआधी या कार्यालयाची मंजुरी लागते. म्हणून आजचा अरकाटी पहिली गोष्ट सांगतो ती अशी: 'आधी व्हिजिट व्हिसावर चल, तिथे बदलून घेऊ.' व्हिजिट व्हिसावर गेलेला माणूस सरकारी नोंदीत कामगार म्हणून नसतोच. शेजारच्या जिल्ह्यातली नोंदणी म्हणतात ती हीच.

तेव्हा एजंटचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः टाकून बघा. त्याने दाखवलेल्या कागदाचा फोटो पुरेसा नाही. परवाना एका कंपनीचा आणि पैसे घेणारा तिच्या नावावर फिरणारा तिसराच, हा प्रकार नेहमीचा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतो, म्हणजे १८ टक्क्यांनी ३५,४०० रुपये. लाख-दीड लाख मागतो आणि पावती देत नाही, तो हिशेब तिथेच थांबवा. प्रवासी भारतीय विमा योजनेचा दहा लाखांचा विमा दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपयांत निघतो. त्याच्या नावाखाली कुणी काही हजार मागत असेल तर तो मधल्यामध्ये खातोय. करारात बघायचं ते पगाराचा आकडा नव्हे, तो मोठाच असतो. जेवण आणि खोलीचे पैसे कोण देणार, ओव्हरटाइम कशावर मोजणार, मुदतीआधी परतलं तर तिकीट कुणाचं, या तीन ओळी शोधा. तिथे उतरल्यावर दुसरा कागद, बहुधा अरबीत, सहीला पुढे आला तर इथे सही केलेली प्रत दाखवता आली पाहिजे. ती सामानात ठेवू नका, फोनमध्ये ठेवा आणि निघण्याआधी घरी कुणाला तरी पाठवून ठेवा.