म्योसाकाठी अकरा महिने: सोबत लहान मूल आणि आजी असतील तर

नवऱ्याला एनटीएनयू या नॉर्वेच्या विद्यापीठाच्या योविक शाखेत वर्षभराचं काम मिळालं, म्हणून गेल्या ऑगस्टात आम्ही तिघं नॉर्वेला आलो. लेक सहा वर्षांची. मे महिन्यात साताऱ्याहून सासूबाई आल्या. आता परतीची बांधाबांध चालू आहे आणि "उन्हाळ्यात येतोय, मुलांना काय दाखवू?" असे मेसेज सारखे येतायत. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकते.

म्योसा हे नॉर्वेतलं सगळ्यात मोठं तळं. लांबी ११७ किलोमीटर, खोली साडेचारशे मीटरच्या आसपास. बामणोलीच्या लाँचमधून कोयना धरणाचा शिवसागर पाहत मोठ्या झालेल्या मलाही याला तळं म्हणताना जीभ अडखळते. दक्षिण टोकाच्या बाजूला आयड्सवोल, पूर्वेला हामार, पश्चिमेला योविक, उत्तरेला लिलेहामर. तुटलेले कडे, धबधबे, बर्फाची शिखरं असलं काही नाही. पाण्याकडे उतरत गेलेली बटाट्याची आणि बार्लीची शेतं, लाल रंगाची लाकडी कोठारं आणि मागे जंगल. फ्योर्डचे, म्हणजे उंच कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राचे, फोटो डोक्यात घेऊन आलात तर पहिल्या दिवशी हिरमोड होईल. माझा झाला होता.

इथे यायचं तर नकाशाच्या आधी कॅलेंडर उघडा. मुलांची बहुतेक ठिकाणं शाळेच्या सुट्टीवर चालतात आणि सुट्टी साधारण जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. त्यानंतर काही ठिकाणं फक्त शनिवार-रविवारी उघडतात, मग तीही बंद. आम्हाला हे कुठे माहीत? सप्टेंबरातल्या एका बुधवारी लख्ख ऊन पडलं, लेकीची शाळा बुडवली, दशम्या बांधल्या आणि दोन बस बदलून एका करमणूक उद्यानापर्यंत गेलो. फाटकाला कुलूप. झाडांच्या वरून आतल्या पाळण्याचं टोक तेवढं दिसत होतं. संकेतस्थळावर 'हेल्ग' असा शब्द होता, तो आम्ही 'सुट्टीचा काळ' असा समजलो होतो. हेल्ग म्हणजे शनिवार-रविवार, हे त्या दिवशी कायमचं पाठ झालं. दशम्या तिथेच बसथांब्यावर खाल्ल्या.

त्यामुळे हुंडरफॉसेन हे गर्दीचं करमणूक उद्यान आम्ही थेट जूनच्या अखेरीस पाहिलं. लिलेहामरच्या उत्तरेला, १९८४ पासून चालू, सगळं ट्रोल (गोष्टींतले राक्षस) आणि लोककथांवर उभं केलेलं. अवाढव्य ट्रोल बसलाय, त्याच्या पोटात शिरता येतं. पण मुलांना तिथे नेण्याआधी आस्केलादेनची एखादी गोष्ट सांगून ठेवा. तीन भावांतला धाकटा, सगळे ज्याला बावळट समजतात, तो वाटेत दिसेल ते उचलत जातो आणि शेवटी त्याच भंगाराच्या जोरावर राजकन्या जिंकतो. गोष्ट माहीत असेल तर तिथली लोककथांची गुहा बोलते, नाहीतर नुसत्या बाहुल्या. सात वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र मी जवळच्या ओयेरमधलं लिलेपुटहामर निवडेन. लिलेहामरची पेठ एक-चतुर्थांश आकारात बांधली आहे. दुकानांची छपरं आपल्या डोक्याच्या थोडी वर, दारातून मूल सरळ आत आणि बाप वाकून. आमची लेक तिथे चार तास 'दुकानदार' होती. नवऱ्याची पाठ दोन दिवस धरली होती.

आता मायहाउगेन. लिलेहामरमधलं खुलं संग्रहालय, दोनशेच्या आसपास जुन्या इमारती एका टेकडीवर आणून बसवलेल्या. हे सगळं सुरू केलं आंडर्स सांडविग नावाच्या दातांच्या डॉक्टरने. गुडब्रांड्सदालच्या खोऱ्यात दात काढत फिरताना जुन्या वस्तू आणि पुढे अख्खी घरंच तो गोळा करत गेला. १९०४ पासून ती या टेकडीवर आहेत. आम्ही इथे तीनदा गेलो: ऑक्टोबरात, फेब्रुवारीत आणि जूनमध्ये. पहिल्या दोन वेळी घरं बाहेरूनच पाहिली. बर्फात ती सुंदर दिसतात, खोटं कशाला बोलू, पण दारं बंद. जूनमध्ये जुन्या वेशातली माणसं घराघरांत काम करत असतात आणि मग जागा एकदम जिवंत होते.

आईंना (सासूबाईंना) घेऊन गेलो तो जूनचा दिवस. एका घरात बाई लेफ्से भाजत होती. बटाट्याची पातळ मोठी पोळी, लाटणं मात्र खाचाखाचांचं, आणि उलटायला हातभर लांब लाकडी पट्टी. आई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, लाटणं असं करवतीसारखं का, विचार की तिला." विचारलं. पीठ चिकटू नये आणि पोळी सारखी पातळ व्हावी म्हणून. तव्याला काय म्हणतात तेही आईंनी विचारायला लावलं. उत्तर आलं, "तक्के." आईंनी "तवा, तक्के" असं दोनदा म्हणून पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली.

पुढे धान्याचं कोठार, स्टाबुर. जमिनीपासून उंच, खुंटांवर उभं. त्याच्या दगडी पायऱ्या दारापर्यंत पोचतच नाहीत, शेवटची पायरी आणि उंबरा यांच्यात वीतभर मोकळी जागा. मी समजले, पायरी खचली असेल. आई बघताक्षणी म्हणाल्या, "उंदरासाठी केलंय ते. माझ्या माहेरी कणगीखाली दगड ठेवायचे तसंच." पाटी वाचली तर खरंच तसं. त्यानंतर दिवसभर आमच्या गाइड त्याच होत्या.

गार्मोचं लाकडी स्टाव चर्चही (उभ्या खांबांवर रचलेलं जुनं चर्च) तिथेच आहे. मूळ गावात ते मोडीत निघालं, तुकडे विकले गेले. सांडविगने ते जमवले आणि १९२१ मध्ये इथे पुन्हा उभं केलं. आत डांबराचा वास येतो, रस्त्यावरच्या नव्हे, पाइनच्या लाकडापासून काढलेल्या. वर गेलात की विसाव्या शतकातल्या प्रत्येक दशकाचं एकेक घर असलेली वसाहत आहे. नॉर्वेच्या राणी सोन्याचं लहानपणीचं घरही ऑस्लोहून तिथे आणून ठेवलंय. एका तिकिटात दिवस कमी पडतो. म्हाताऱ्या माणसांसाठी एकच सूचना: चढ आहे आणि वाटा खडीच्या आहेत. चपला नकोत, बूट घाला. आई साडीवर स्पोर्ट्स शूज घालून फिरल्या, कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

लिलेहामरला झालेल्या १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकचं नाव इथे सगळीकडे ऐकू येतं. लिसगोर्डच्या स्की उडीच्या टेकडीला ९३६ पायऱ्या. नवरा चढला, आम्ही खाली आइस्क्रीम खाल्लं. वरून दृश्य छान होतं म्हणे.

मला त्या ऑलिंपिकचा खरा उपयोग योविकमध्ये झाला. तिथे ऑलिंपिकसाठी डोंगर पोखरून आइस हॉकीचं स्टेडियम केलंय आणि त्याला लागूनच, तेही डोंगराच्या पोटात, त्याआधीपासूनचा पोहण्याचा तलाव आहे. डिसेंबरात साडेनऊला उजाडतं आणि तीनला अंधार. बाहेर उणे पंधरा. अशा दिवसांत दर शनिवारी आम्ही त्या डोंगरात शिरायचो. भुयारातून चालत जायचं, बूट काढायचे, आणि पुढे कोमट पाण्याचा वाफाळता तलाव. पर्यटकांच्या यादीत हे सहसा नसतं, पण लेकीला "नॉर्वेत काय आवडलं?" विचारा, पहिलं उत्तर हेच. एक धक्का सांगून ठेवते: पाण्यात उतरण्याआधी सगळे कपडे काढून, पोहण्याचा पोशाखही काढून, साबणाने अंघोळ करावी लागते. पडदा-बिडदा असेलच असं नाही. पहिल्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. महिन्याभरात काही वाटेनासं झालं.

हिवाळ्यातली दुसरी मजा म्हणजे स्पार्क. पोलादाच्या दोन लांब पट्ट्यांवर बसवलेली लाकडी खुर्ची. मूल किंवा पिशवी खुर्चीत, आपण मागे एका पट्टीवर पाय ठेवून दुसऱ्याने ढकलायचं. आमच्या गल्लीतल्या ऐंशीच्या आजीबाई यावरून दूध आणायला जायच्या आणि मला मागे टाकायच्या. जुना घेतला, चार महिने वापरला. रस्त्यावर खडी टाकली की मात्र करकचून थांबतो आणि आपण पुढे.

हामारला किमान दोन वेळा जा, योविकहून तळ्याला वळसा घालून. तिथलं रेल्वे संग्रहालय १८९६ चं, अगदी पाण्याकाठी. डोव्हरेगुब्बेन नावाचं प्रचंड वाफेचं इंजिन पाहून नवरा आणि लेक सारख्याच वयाचे झाले. तिथून किनाऱ्याने चालत गेलं की डोमशिर्केऑडेन. शिर्के वाचून हसू नका, शिर्के म्हणजे चर्च. मध्ययुगातलं दगडी कॅथेड्रल, १५६७ मध्ये स्वीडिश सैन्याने उद्ध्वस्त केलं. उरलेल्या कमानींवर १९९८ मध्ये काचेचं अवाढव्य छत उभारलं. भर पावसात आत उभं राहा. वरून पाणी काचेवरून ओघळतंय, खाली कोरडे दगड. लेकीने हळूच 'आ' केला, तो बराच वेळ घुमत राहिला, मग तिने 'शुभं करोति' म्हटलं. माझ्या यादीत हे ठिकाण सगळ्यात वर.

पाण्यात पोहता येतं का, हे सगळे विचारतात. येतं, जुलैत, तेही दात वाजवत. पाणी स्वच्छ आहे, पण ते आपोआप नाही. १९७६ मध्ये शेवाळाने तळं इतकं माजलं की पिण्याच्या पाण्याला वास येऊ लागला. त्यानंतर सरकारने मोठी मोहीम काढली. सांडपाणी शुद्ध केलं, शेतांतून वाहून येणारं खत अडवलं, लोकांना फॉस्फेट नसलेली धुण्याची पावडर वापरायला लावली. आता काठच्या गावांच्या नळाला हेच पाणी येतं.

फुकटातली मजा म्हणजे जंगल. १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात कोणीही फिरू शकतं, तंबू ठोकू शकतं, जांभळ्या ब्लूबेरी तोडू शकतं. पण १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात किंवा जंगलाजवळ शेकोटी पेटवायला बंदी असते. आम्ही मे महिन्यात कणसं भाजायला निघालो होतो, शेजारच्या काकांनी दारातच अडवलं. कणसं गॅसवर भाजली.

खाणं महाग. इथली माणसंही डबा घेऊनच फिरतात, त्यामुळे बाकावर बसून पोळीभाजी खायला संकोच नको. तपकिरी चीज, ब्रुनोस्ट, नक्की खा. दुधाच्या निवळीत साय घालून आटवतात. १८६३ मध्ये गुडब्रांड्सदालच्या खोऱ्यातल्या आन्ने होव्ह नावाच्या गवळणीने ही रीत काढली. चव कुंदा आणि करपट खवा यांच्या मधली. आईंनी ते पोळीत गुंडाळून खाल्लं आणि साताऱ्याला न्यायला दोन किलो घेतलं. रविवारी मोठी दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान भरा. गाडी भाड्याने घेतलीत तर टोलचं आधीच विचारा. आम्हाला एका कंपनीने दीड महिन्याने टोल आणि वर 'हाताळणी शुल्क' असं बिल पाठवलं, आणि शुल्क टोलपेक्षा जास्त होतं. ऑस्लोहून हामार-लिलेहामर रेल्वे विमानतळावरूनच जाते. ऑस्लोत मुक्काम नसेल तर तिथूनच ती पकडा, भाड्याच्या गाडीची गरज नाही.

राहिली बोट. स्किब्लाडनर, १८५६ ची, बाजूच्या मोठ्या चाकांनी पाणी ढकलत चालणारी, आणि अशा बोटींमध्ये आजही फेऱ्या मारणारी जगातली सगळ्यात जुनी. १८५४ मध्ये नॉर्वेची पहिली रेल्वे ऑस्लोहून आयड्सवोलला येऊन थांबली. पुढे लोकांना नेणार कोण, म्हणून या तळ्यावर बोटी वाढल्या. मधल्या काळात ती धक्क्यावरच दोनदा बुडाली आणि दोन्ही वेळा वर काढली. फक्त उन्हाळ्यात आणि ठरावीक वारीच ठरावीक गावांना जाते, म्हणून वेळापत्रक हाती घेऊनच बाकीचा बेत आखा. बोटीवर परंपरेने उकडलेला सामन मासा आणि स्ट्रॉबेरी मिळतात. आई शाकाहारी, त्यांनी दोन वाट्या स्ट्रॉबेरी खाल्ल्या.

मधोमध इंजिन उघडं आहे. कठड्यावरून वाकलं की पितळेचे चकचकीत दांडे वरखाली होताना दिसतात, तेलाचा गरम वास येतो आणि पायाखालची फळी थरथरते. योविक ते लिलेहामर या प्रवासात आम्ही डेकवर फार तर अर्धा तास होतो. बाकी सगळा वेळ आई आणि लेक त्या कठड्यापाशी. काठावरची ती सुंदर शेतं मी आणि नवऱ्यानेच काय ती पाहिली. उतरताना लेक म्हणाली, "आजी, परत जाऊया?" परतीची बोट थेट परवा होती. आम्ही बसने आलो.