गव्हर्नर ढिला करू की पुली बदलू?

काकांना पट्ट्याने पाण्याचा पंप फिरवणारं डिझेल इंजिन मिनिटाला 1500 ऐवजी 1200 फेऱ्यांवर चालवून डिझेल वाचवायचंय.

खर्चाचं म्हणाल तर गव्हर्नरचा, म्हणजे इंजिनाचा वेग ठरवणाऱ्या भागाचा, स्क्रू ढिला करायला एक पाना पुरतो. पुलीला पैसे, वर पट्टाही बहुधा नवा.

खरी मेख पाण्याची. नुसत्या स्क्रूने पंपही मंदावतो. फेऱ्या 80 टक्के झाल्या की पाणी चढवायची उंची 64 टक्क्यांवर येते. 25 मीटर चढवणारा पंप 16 वरच धापा टाकतो. स्क्रूने इंजिन 1200 वर आणून त्याची पुलीही 4 इंचांची 5 केली, तर पंप 1500 वरच राहतो. मात्र इंजिनाला सव्वापट जोर लावावा लागतो. आत्ताच काळा धूर ओकत असेल तर पुलीच्या वाटेला जाऊ नका.

ओढ्याकाठी, थोड्या चढाला स्क्रू. खोल विहिरीला पुली, तीही इंजिनात ताकद शिल्लक असेल तरच.