पाकीट ओळखणारं गिऱ्हाईक की नाव आठवणारं?

गेल्या महिन्यात गल्लीतल्या किराणा दुकानात रांगेत उभी होते. माझ्या पुढच्या बाई म्हणाल्या, "तो पिवळ्या पाकिटातला गोडा मसाला द्या हो, मागच्या वेळी नेलेला." दुकानदाराने मागे वळून एक पिवळं पाकीट काढलं आणि काउंटरवर टाकलं. ते दुसऱ्याच कुणाचं होतं. बाईंनी उलटसुलट करून पाहिलं, "हाच ना?" असं स्वतःलाच विचारलं, आणि पिशवीत टाकून गेल्या. मागच्या वेळचा मसाला ज्या काकूंचा, त्यांचं लेबल मीच केलंय. म्हणजे मी निवडलेल्या पिवळ्याने दुसऱ्याचा गल्ला भरला.

त्याच काकूंनी यंदा दिवाळीआधी ४० हजार रुपये बाजूला काढलेत. कशासाठी, तर 'ब्रँड अवेअरनेस'साठी. एका उद्योजक शिबिरात हा शब्द त्यांच्या कानावर पडला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. त्यांच्या लेखी अर्थ साधा आहे: लोकांना आपलं नाव माहीत पाहिजे. अर्थ चुकीचा नाही, पण अर्धा आहे. कारण 'माहीत असणं' दोन प्रकारचं असतं आणि दोन्हींवर पैसे वेगवेगळ्या ठिकाणी खर्च होतात.

पहिला प्रकार ओळख. पाकीट समोर दिसलं की "हां, हे आपलं" असं वाटणं. जाहिरातवाले याला रेकग्निशन म्हणतात. दुसरा प्रकार आठवण, म्हणजे रिकॉल. समोर काहीच नसताना, 'गोडा मसाला' एवढं म्हटल्यावर नाव तोंडात येणं. लग्नात एखादा माणूस चेहऱ्याने ओळखीचा वाटतो आणि नाव काही केल्या आठवत नाही, तेव्हा ओळख असते, आठवण नसते. काकूंच्या मसाल्याची नेमकी हीच गत आहे.

यातलं काय हवं, हे गिऱ्हाईक कुठे उभं राहून खरेदी करतं त्यावर ठरतं. डी-मार्टमध्ये ढकलगाडी घेऊन फिरणाऱ्या बाईला नाव आठवायची गरजच नसते. मसाल्यांची अख्खी भिंत समोर असते. नजर फिरते, ओळखीचा रंग दिसतो, हात जातो. तिथे ओळख जिंकते. किराणा दुकानात मात्र माल काउंटरच्या पलीकडे असतो. तुम्ही "गोडा मसाला द्या" म्हणता, दुकानदार विचारतो, "कुठला?" त्या 'कुठला?' नंतरच्या एका सेकंदात नाव आलं तर आलं. नाही आलं तर दुकानदार ठरवतो, आणि तो ज्यात मार्जिन जास्त तेच हातात देतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, आपणही तेच केलं असतं.

फोनवरच्या किराणा ॲपमध्ये लोक बहुतेक वेळा कंपनीचं नाव टाइप करत नाहीत, 'गोडा मसाला' टाइप करतात आणि आलेले फोटो बघतात. म्हणजे ते डी-मार्टचंच शेल्फ, फक्त नखाएवढं. तिथे लेबलवरची पैठणीची नक्षी, तुळशीवृंदावन आणि पाच ओळींची पाककृती यातलं काहीही दिसत नाही. एक रंग आणि एक शब्द दिसतो. व्हॉट्सॲपवर मागवणाऱ्यांचं मात्र उलट असतं. त्यांना आधी तुमचं नाव आठवावं लागतं, मग ते नंबर शोधतात.

दोन्हींची मोठी उदाहरणं आपल्याच घरात आहेत. पार्ले-जीचं पाकीट वाचता न येणारं मूलही दुकानात बोटाने दाखवतं: पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि ते बाळ. ही ओळख. लिज्जतचं बघा. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढे टीव्हीवर रामदास पाध्यांचा बोलका ससा आला, आणि माझ्या वयाच्या कुणालाही आज 'पापड' म्हटलं की आधी तो ससा आठवतो आणि लगेच नाव. पाकिटाचा रंग विचारलात तर चार जण चार रंग सांगतील. ही आठवण.

बिसलेरीची गोष्ट मात्र मला या दोन्हींपेक्षा जास्त शिकवणारी वाटते. आठवणीच्या परीक्षेत तिला शंभरपैकी शंभर. एसटी स्टँडवर आपण "एक बिसलेरी द्या" म्हणतो आणि जी बाटली मिळते ती मुकाट घेतो, लेबल वाचतसुद्धा नाही. नाव इतकं आठवतं की ते पाण्याचंच नाव होऊन बसलं. मग कंपनीला उलट दिशेने मेहनत करावी लागली: सगळ्यांची लेबलं निळी म्हणून आपलं हिरवट केलं, आणि पाण्याची प्रत्येक बाटली बिसलेरी नसते हे सांगणाऱ्या, उंटांच्या जाहिराती केल्या. आठवण होती, ओळख नंतर बांधावी लागली. काकूंचं नेमकं उलटं आहे.

आता खर्च. ओळखीचा खर्च एकदाच होतो पण एकदम होतो. छापील पाऊच करायचं तर ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, आणि छापणारा थोडक्या मालासाठी मशीन लावत नाही. म्हणून लहान उद्योजक साध्या पाऊचवर स्टिकर लावतात. त्यात वाईट काही नाही, फक्त दर दिवाळीला स्टिकर बदलायचा मोह आवरा. रंग बदलला की ओळख शून्यावर येते.

आठवणीचा खर्च थोडाथोडा, पण कधीच न संपणारा. नाव पुन्हापुन्हा कानावर पडावं लागतं, आणि ते गरजेला बांधलेलं असावं लागतं. नुसतं नाव फिरवून उपयोग नाही; 'आमटी' म्हटलं की तुमचं नाव यायला हवं. गणेशोत्सवातल्या मंडळाच्या कमानीवर पैसे घालणाऱ्यांना मी नेहमी विचारते: मागच्या वर्षीच्या कमानीवरची तीन नावं सांगा. नगरसेवकाचा फोटो सोडून कुणाला काही आठवत नाही. ती वर्गणी म्हणून द्या, जाहिरात म्हणून नको. नावही आटोपशीर हवं. 'अन्नपूर्णा' आणि 'श्री गणेश' प्रत्येक तालुक्यात दोन-दोन सापडतात. काउंटरवर घाईत उच्चारता येईल असा एक वेगळा शब्द त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगला.

पैसे घालण्याआधी तपासणी करा, ती फुकटात होते. तुमच्या नात्यातल्या नसलेल्या वीसएक बायकांना आधी काहीही न दाखवता विचारा, "गोडा मसाला म्हटलं की कुठली नावं आठवतात?" सांगतील ती क्रमाने लिहून घ्या; पहिलं आलेलं नाव सगळ्यांत मोलाचं. मग पाच-सहा नावांची यादी वाचा आणि कुठली ऐकलीत ते विचारा. शेवटी नावावर चिकटपट्टी लावलेलं पाकीट दाखवा. क्रम उलटा केलात तर सगळं वाया, कारण पाकीट बघितलेल्या बाईला नाव 'आठवणारच'.

काकूंच्या बाबतीत आम्ही ही चाचणी केली. पाकीट ओळखणाऱ्या बऱ्याच निघाल्या, न बघता नाव सांगणारी एकच, आणि ती त्यांच्या भिशीतली. त्यांचा जवळपास सगळा माल किराणा दुकानांतूनच जातो. त्यामुळे माझं मत सरळ होतं: नव्या पाऊचवर छदामही नको, सगळे पैसे नावावर लावा. दुकानदारांपासून सुरुवात करा. प्रत्येकाच्या घरी अर्धा किलो मसाला द्या म्हणजे 'कुठला?' असं विचारून तो स्वतःच तुमचं नाव पुढे करेल. आणि चार शब्दांचं नाव एका शब्दावर आणा.

शेवटचं सोडून त्यांनी सगळं मान्य केलं. नावात सासूबाई आहेत, त्यामुळे ते कापता येणार नाही म्हणाल्या. मीही फार ताणलं नाही.

परवा पुन्हा त्याच दुकानात गेले आणि मुद्दाम चारही शब्द स्पष्ट उच्चारून मसाला मागितला. दुकानदार क्षणभर थांबला, मग त्याचा चेहरा उजळला. "हां हां, ते पिवळंच ना?"