फ्रीमेसनरी: रोमची बंदी की बाप्टिस्टांचा विवेक?

डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोरीचा फास, डावा गुडघा उघडा. फ्रीमेसन या गुपितं पाळणाऱ्या बंधुसंघाच्या लॉजमध्ये, म्हणजे स्थानिक शाखेत, नवखा उमेदवार असा उभा राहतो आणि नेमकं काय गुप्त ठेवायचं हे कळण्याआधीच धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेतो. ख्रिस्ती माणसाची खरी अडचण इथेच सुरू होते.

कॅथलिक चर्चने आपल्या लोकांना फ्रीमेसन व्हायला १७३८ पासून बंदी घातली आहे. १९८३ मध्ये रोमने पुन्हा बजावलं की सभासदत्व हे गंभीर पाप, अशांना कम्युनियन (चर्चमधलं पवित्र प्रभुभोजन) नाही. अमेरिकेतल्या सदर्न बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाने १९९३ मध्ये रक्तरंजित शिक्षांच्या शपथा, लॉजप्रमुखाची 'वर्शिपफुल मास्टर' (शब्दशः 'पूज्य स्वामी') ही पदवी यांवर बोट ठेवलं, पण निर्णय ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडला.

मला रोमचं म्हणणं जास्त पटतं. लॉजमधली प्रार्थना 'विश्वाच्या महान शिल्पकारा'ला, त्यात येशूचं नाव नाही. मग 'आमेन' कुणाला म्हणायचं?