पाण्याकाठी जायचंय: खडकवासला की पाषाण तलाव?

दोन्ही जलाशय माणसांनी बांधलेले, दोन्ही पुणेकरांच्या आवडीचे. पण आधी एवढं ठरवा: वारा खायचाय की पक्षी बघायचेत?

वाऱ्यासाठी खडकवासलाच. मोकळं पाणी, पलीकडच्या काठाला एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), मागे सिंहगडाची रांग. पावसाळ्यात धरण भरलं की चौपाटीवर उभं राहावं. कणीसवाल्या मावशी पंख्याने निखारे फुलवतात, लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून दाण्यांवर चोळतात आणि कणीस त्याच्याच पाल्यात धरून देतात. सोबत कांदाभजी. शक्यतो आठवड्यातला मधला वार धरा. रविवारी संध्याकाळी सिंहगडाची आणि पानशेतची परतीची गर्दी एकाच रस्त्यावर येते, लहान पोरं गाडीत कंटाळून जातात.

पाण्यात मात्र उतरू नका, हे कळकळीने सांगतो. काठ उथळ दिसतो, पण पुढच्याच पावलाला गाळ किंवा खोल पाणी असतं; इथे माणसं बुडून गेली आहेत. शिवाय शहर हेच पाणी पितं. धरणाची स्वतःची साठवण जेमतेम १.९७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण वरच्या पानशेत, वरसगाव आणि टेमघर धरणांचं पाणीही इथूनच पुढे येतं. काठावर प्लास्टिकच्या पिशव्या टाकून जाणाऱ्यांचं म्हणूनच फार वाईट वाटतं. मूळ धरण १८७९ सालचं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्याने हेही फुटलं. मग पुन्हा बांधून काढलं. घरातले कुणी ज्येष्ठ बरोबर असतील तर त्या पुराबद्दल त्यांना जरूर विचारा.

पाषाण तलाव शहरातच, रामनदीवर. हिवाळ्यात भल्या सकाळी दुर्बीण घेऊन जा. हळदीकुंकू बदक, वारकरी, पाणकावळे दिसतात, नशीब असेल तर पाहुणे थापटे बदकही. मला स्वतःला हीच जागा जास्त आवडते. पण नदीतून सांडपाणी येतं, जलपर्णी माजते. उन्हाळ्यात मी तिथे पाहुण्यांना नेणार नाही. खाण्यापिण्याचं म्हणाल तर घरूनच काहीतरी खाऊन निघा.

बरोबर अगदीच लहान मुलं असतील तर कात्रज बरं: पेशवेकालीन तलाव आणि शेजारीच प्राणिसंग्रहालय.

आजी-आजोबांसकट सगळं घर निघणार असेल तर खडकवासला, पावसाळ्यात, सकाळी. एकटे किंवा दोघंच असाल आणि थंडी पडली असेल, तर पाषाण.