पिस्तूल नंतर, आधी रेंज: पुण्यात आठ महिने एअर पिस्तूल शिकल्यावर

1 ऑगस्ट 2024 ला ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर स्वप्नील कुसाळेची पॅरिस ऑलिम्पिकमधली नेमबाजीची फायनल पाहिली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस, आणि 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचा प्रकार) 451.4 गुण, कांस्यपदक. डबा तसाच राहिला. हे आपल्याला करून बघायचंय, हे त्याच दुपारी ठरलं. पण जागा सापडायला जानेवारी उजाडला, आणि मनासारखी जागा मिळेपर्यंत मार्च. तेव्हापासून आठ महिने आठवड्यातून तीनदा जाते आहे. वय 39, त्याआधी कुठलाच खेळ खेळले नव्हते. नव्याने सुरुवात करणाऱ्याला हा अनुभव उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

पुण्यात नेमबाजी म्हटलं की सगळे बालेवाडीचंच नाव घेतात. घेणारच, 2008 च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांच्या वेळची रेंज, म्हणजे नेमबाजीच्या सरावाची जागा, तिथे आहे आणि आपले कितीतरी नेमबाज तिथे घडले. मी राहते कात्रजला. ऑफिस सुटल्यावर बालेवाडी गाठायची आणि परत यायचं, म्हणजे तासाभराच्या सरावासाठी अडीच-तीन तास रस्त्यावर. हे महिनाभराच्या वर चालत नाही, हे मी स्वतःशी आधीच कबूल केलं. मग घराजवळच्या छोट्या खासगी रेंज शोधल्या. एअर पिस्तूल 10 मीटरवरून मारतात, त्याला जागा फार लागत नाही, त्यामुळे शाळेचा हॉल, इमारतीचं तळघर, मंगल कार्यालयाचा वरचा मजला अशा ठिकाणी आता रेंज निघाल्या आहेत. नकाशात सगळ्या दिसत नाहीत. मला माझी रेंज एका खेळाच्या सामानाच्या दुकानदाराने सांगितली.

मधल्या काळात चुलतदीर म्हणाले, "वहिनी, रेंज कशाला? गावी एअरगन आहे, शेतावर डबे मांडून मारू." प्रेमाने म्हणाले, पण मी नाही म्हटलं. मागे मातीचा भक्कम बांध नसेल तर गोळी कुठे जाईल याचा भरवसा नसतो, आणि दगडाला लागून ती उलटीही येते. शिवाय शेतावर बंदूक आली की कोणीतरी पाखरावर नेम धरतोच. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी मला ते नको होतं.

लायसनबद्दल प्रत्येक जण विचारतो. 10 मीटरला वापरतात ती .177 बोअरची, म्हणजे 4.5 मिलिमीटरची एअर पिस्तुलं आणि रायफली 20 ज्यूल ऊर्जेच्या आतल्या असतात, त्यांना शस्त्र परवाना लागत नाही. .22 आणि त्यापुढच्या गोष्टींना लागतो. म्हणूनच नवीन माणसाने 10 मीटरपासून सुरुवात करावी हे सगळ्यात सोपं.

पहिली जागा मी सहा आठवड्यांत सोडली. नाव लिहीत नाही. फी कमी होती, घरापासून दहा मिनिटं, भिंतीवर पदकविजेत्यांचे फोटो. पण पहिल्याच दिवशी हातात भरलेलं पिस्तूल देऊन "मारा" म्हणाले. गोळी कुठे लागली हे विचारायलाही कोणी नव्हतं. पाचव्या आठवड्यात शेजारच्या लेनमधला कॉलेजचा मुलगा मित्राशी बोलायला मागे वळला, हातात पिस्तूल तसंच. नळी माझ्या पोटाच्या रेषेवरून गेली. तो "सॉरी" म्हणाला. रेंजवरच्या माणसाने मोबाइलमधून मान वर केली नाही. मी माझं सामान उचललं, उरलेल्या फीचा विचारही केला नाही. नवीन जागा बघायला जाल तेव्हा फी विचारायच्या आधी अर्धा तास मागच्या खुर्चीवर बसून बघा. कोणाच्याही पिस्तुलाचं तोंड टार्गेटखेरीज दुसरीकडे गेलं तर काय होतं, एवढंच बघायचं.

आताच्या रेंजवर ते बघितलं. एक मुलगी पिस्तूल हातात घेऊन अर्धवट वळली आणि शिकवणाऱ्या सरांनी "स्टॉप" म्हटलं. आवाज मोठाही नव्हता. दहाही लेनवरच्या लोकांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं, नळीत नारिंगी सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी आहे हे दाखवणारी पट्टी) घातला आणि मागे सरकले. ती मुलगी बारा वर्षांची असेल. सर तिला रागावले नाहीत, तिच्याकडून ती हालचाल चार वेळा बरोबर करून घेतली. मी त्याच दिवशी तीन महिन्यांची फी भरली.

पहिले बारा दिवस मला पेलेट, म्हणजे एअर पिस्तुलाची छोटी गोळी, मिळाली नाही. हात उचलायचा, श्वास सोडायचा, ट्रिगर दाबायचा, आणि क्लिक झाल्यावरही दोन सेकंद तसंच धरून ठेवायचं. गोळीशिवायच्या या सरावाला रेंजवर सगळे ड्राय म्हणतात. त्यानंतर कोरा पांढरा कागद, मधे काळं काहीच नाही. सर म्हणाले, "टार्गेट बघू नका, माशी बघा." माशी म्हणजे पुढची साइट, नळीच्या टोकाजवळचा नेम धरायचा खुंट. ती काळी आणि धारदार दिसली पाहिजे आणि टार्गेट धूसर. सांगायला एका ओळीचं आहे, मला जमायला सात आठवडे लागले, कारण डोळा आपसूक टार्गेटवर धावतो. टार्गेटच्या काळ्या गोलाचा व्यास 59.5 मिलिमीटर आणि मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा 11.5. ते आकडे पाठ झाले की आणखीच धावतो.

एकदा सरांनी पिस्तुलाच्या ट्रिगरला 500 ग्रॅमचं वजन टांगून दाखवलं. स्पर्धेत एअर पिस्तुलाचा ट्रिगर एवढं वजन न सुटता उचलू शकला पाहिजे, नाहीतर तपासणीतच बाद. आमच्या रेंजच्या जुन्या पिस्तुलाने वजन उचललं आणि मी दोन महिने "ट्रिगर जड आहे" म्हणून जी तक्रार करत होते ती माझी मलाच मिटवावी लागली. जड ट्रिगर नव्हता, मी मनगटाने ओढत होते. तर्जनीच्या पहिल्या पेराने, सरळ मागे, हळू. तेव्हापासून उजवीकडे खाली जाणाऱ्या गोळ्या कमी झाल्या.

आता खर्च. महिन्याची फी 3,500, त्यात रेंजचं पिस्तूल. पेलेट आपल्या. एका वेळी 60 शॉट धरले तर महिन्याला दीड डबा लागतो, 500 चा. चपट्या तोंडाच्याच घ्या, त्यांनी कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं आणि गुण मोजायला वाद होत नाही. आणि त्या शिशाच्या असतात, म्हणून सराव झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय पाण्याच्या बाटलीला हात लावू नका. आमच्याकडे दारालाच बेसिन आहे आणि सर मुलांकडे लक्ष ठेवतात. ज्या रेंजवर बेसिनच नाही तिथे मी माझ्या मुलाला पाठवणार नाही.

स्वतःचं पिस्तूल अजून घेतलेलं नाही. मोरिनी, पार्दिनी, स्टायर ही नावं रोज कानावर पडतात, बाहेरून येणाऱ्या या पिस्तुलांची किंमत लाखाच्या वर जाते. सरांनी सहा महिने थांबायला सांगितलं होतं आणि त्यांचं बरोबर होतं. मुठीचा आकार हाताला बसावा लागतो, आणि माझी पकड मार्चमध्ये जी होती ती सप्टेंबरमध्ये राहिली नाही. तेव्हा घेतलं असतं तर चुकीच्या पकडीसाठी मूठ घासून घेतली असती.

या जागेतल्या उणिवाही सांगते. तळघरात जुलै-ऑगस्टमध्ये ओल येते, कागदी टार्गेट फुगतात आणि भोक फाटकं पडतं. एसी नाही. सात नंबरच्या लेनवरची ट्यूबलाइट चार महिने लुकलुकत होती, त्या लेनवर माझे गुण नेहमी खाली. पिस्तुलाच्या सिलेंडरमध्ये दाबाची हवा भरायला एकच टाकी आहे आणि ती संपली की दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघावी लागते. एप्रिल-मेमध्ये सुट्टीतली शिबिरं लागतात, तेव्हा संध्याकाळी सहा ते आठ लेन मिळणं कठीण. मी एकदा सव्वा तास थांबून वीस शॉट मारून परत आले. फी भरण्याआधी "मला हव्या त्या वेळी लेन मिळेल का" एवढंच विचारू नका, त्या वेळी स्वतः जाऊन मोजा.

बायकांसाठी एक वेगळं सांगते. आमच्या रेंजवर सकाळच्या वेळी चाळिशीच्या पुढच्या तिघी आहेत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर रायफल प्रोनचं (झोपून मारायचा प्रकार) जगज्जेतेपद मिळवलं, राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण. तरी मी पहिल्यांदा दारात उभी राहिले तेव्हा "मुलासाठी चौकशी का?" असंच विचारलं गेलं. "माझ्यासाठी" म्हटल्यावर सरांनी दुसरा प्रश्न विचारला नाही, सरळ हाताची मापं घेतली.

मे महिन्यात 60 शॉटमध्ये माझे 600 पैकी 412 गुण होते. गेल्या शनिवारी 531. सदस्यत्व आणखी सहा महिन्यांनी वाढवलंय, या वेळी सकाळी साडेसहाची वेळ घेऊन. तेव्हा दहापैकी चारच लेन भरलेल्या असतात, टाकी भरलेली असते आणि सात नंबरला नवी ट्यूब बसली आहे.